चिनी त्रिपिटक संगणकात आले त्याची हकीकत

आपल्या विहाराच्या ग्रंथकपाटात वरच्या खणात बाबासाहेबांच्या 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाच्या काही प्रती आहेत. बऱ्याच उपासकांच्या घरीही हीच प्रत असेल. हा ग्रंथ तैवान देशातल्या तैपेई शहरातील एका बौद्ध संस्थेने छापला आणि विनामूल्य वाटला. आतला सगळा मजकूर मराठी, पण शेवटच्या पानावर चिनी अक्षरांच्या ओळी आहेत. गेल्या वर्षी वर्षावासात ग्रंथवाचन संपल्यावर दहावीतल्या एका मुलीने ते पान आमच्यापुढे धरले आणि विचारले, "काका, यांचा कीबोर्ड केवढा असेल हो?"

आम्हाला उत्तर देता आले नाही. आमचे शिक्षण नववीपर्यंत, बाकीचे जे काही ते गिरणीच्या साचेखात्यात आणि वाचनालयात झाले. पण प्रश्न डोक्यातून जाईना. मिळेल ते वाचत गेलो, दोन शिकलेल्या पोरांना कामाला लावले, आणि जे हाती आले ते धम्मबांधवांपुढे ठेवतो. गोष्ट वाटते तेवढी परकी नाही. तथागतांचे वचन ज्या भाषांत सर्वात जास्त साठवले गेले त्यांतली ही एक भाषा आहे.

आधी लिपीचे बघू. आपली मुळाक्षरे पन्नासच्या आसपास. काना, मात्रा, वेलांटी लावली की सगळा संसार लिहिता येतो. चिनी लिपीत बहुतेक एकेका अर्थाला एकेक अक्षर. रोजचे वर्तमानपत्र वाचायला तीन-चार हजार अक्षरे तरी यावी लागतात. १७१६ साली सम्राट कांगशीच्या दरबारात जो मोठा कोश पुरा झाला त्यात ४७ हजारांवर अक्षरे होती. पण ही अक्षरे म्हणजे नुसती चित्रे नव्हेत, ती सुट्या भागांची जुळणी असते. सूर्याशेजारी चंद्र लिहिला की 'मिंग', म्हणजे उजेड. झाडाशेजारी झाड म्हणजे वन. पाण्याच्या खुणेशेजारी 'जाणे' लिहिले की 'फा', म्हणजे कायदा, नियम, आणि आपला धम्मसुद्धा. बुद्धाचे अक्षर 'फो', त्यात डावीकडे माणूस असतो. हे भाग लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत.

चीनमध्ये छपाई आपल्याकडच्या आधी कितीतरी शतके सुरू झाली. ज्यावर तारीख आहे असा जगातला सर्वात जुना छापील संपूर्ण ग्रंथ बौद्ध आहे, हे आपल्यातल्या किती जणांना ठाऊक आहे? इ. स. ८६८ मध्ये वांग च्ये नावाच्या गृहस्थाने आपल्या आई-वडिलांच्या पुण्यासाठी 'वज्रच्छेदिका' सूत्र छापून घेतले, आणि ते फुकट वाटण्यासाठी आहे असे शेवटी छापले. भाषांतर कुमारजीवांचे, ज्यांचे वडील भारतातून गेले होते असे सांगतात. सोळा फुटांची ती गुंडाळी तुनहुआंगच्या गुहेत शतकानुशतके बंद होती. १९०७ साली ऑरेल स्टाइन याने ती इतर पोथ्यांबरोबर नेली. आज ती लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे.

ही छपाई लाकडी ठोकळ्यांची. कागदावर लिहायचे, कागद उलटा करून फळीवर चिकटवायचा आणि अक्षर सोडून बाकीचे लाकूड कोरून काढायचे. कोरियात हायइन-सा नावाच्या विहारात तेराव्या शतकात कोरलेल्या त्रिपिटकाच्या ८१ हजारांहून अधिक फळ्या आजही रचून ठेवलेल्या आहेत. यात एक गोष्ट आम्हाला मोठी वाटली. फळी कोरणाऱ्याला अक्षरांची यादी लागत नाही. लिहिणाऱ्याने कितीही विरळ अक्षर लिहिले तरी कोरणारा ते कोरतो. यादी आली ती यंत्राबरोबर. यंत्राने विचारायला सुरुवात केली : हे अक्षर माझ्याकडे आहे का? नसेल तर ते छापले जाणार नाही.

तारयंत्र चीनमध्ये पोचले तेव्हा हा प्रश्न पहिल्यांदा आला. टिंब आणि रेघेचा मोर्स कोड रोमन मुळाक्षरांसाठी बनवलेला. १८७०-७१ च्या सुमारास युरोपियनांनीच तोडगा काढला : काही हजार चिनी अक्षरांना चार-चार आकडी नंबर द्यायचे आणि तारेने नंबर पाठवायचे. तार घेणाऱ्याने पुस्तक उघडून नंबरावरून अक्षर शोधायचे. गिरणीत हजेरीपटावर माणसाचा बिल्ला नंबर असतो तसेच हे. काम चालले, पण दर खेपेला मध्ये एक पुस्तक आले.

मग टाइपरायटर. १९१९ पासून शांघायच्या कमर्शियल प्रेसने चिनी टाइपरायटर बनवून विकले. त्याला बटणे नव्हती. एका सपाट ताटात अडीच हजारांच्या आसपास शिशाचे खिळे मांडलेले, वर एक दांडा. टायपिस्टने दांडा हव्या त्या खिळ्यावर न्यायचा आणि दाबायचा. तो खिळा उचलून कागदावर आपटून परत जागेवर ठेवला जाई. नेहमी न लागणारे खिळे वेगळ्या पेटीत, ते चिमट्याने उचलून घालावे लागत.

इथे एका कामगाराची गोष्ट सांगायलाच हवी. हनान प्रांतातल्या काइफंग शहरात चांग चीयिंग नावाचा खिळे जुळवणारा होता. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला त्याने आपल्या खणांतली खिळ्यांची परंपरेची मांडणी मोडली. कोशाच्या क्रमाने खिळे लावण्याऐवजी जे शब्द वर्तमानपत्रात नेहमी एकापाठोपाठ येतात त्यांचे खिळे त्याने शेजारी शेजारी ठेवले. हात एका अक्षरावर गेला की पुढचे अक्षर बोटाजवळच. त्याचा वेग इतका वाढला की सरकारने त्याला आदर्श कामगार म्हणून नावाजले, आणि टायपिस्ट मुलींनीही आपापल्या ताटातले खिळे तसेच लावून घेतले. आज मोबाइलवर एक शब्द लिहिला की पुढचा शब्द आपोआप समोर येतो ना? ती कल्पना विद्यापीठांच्या कितीतरी आधी खिळे जुळवणाऱ्या माणसाच्या हाताला सुचली होती. दादरच्या बुद्धभूषण छापखान्यात 'जनता' आणि 'प्रबुद्ध भारत' जुळवणाऱ्या हातांनाही असे बरेच काही माहीत असणार, पण ते कोणी लिहून ठेवले? साच्यावर उभे राहून आयुष्य काढलेल्याला हे लगेच कळते. कामाची खरी अक्कल काम करणाऱ्याजवळ असते, नाव मात्र दुसऱ्याचे लागते. चांगचे लागले, ही आनंदाची गोष्ट.

लिन युतांग हे मोठे लेखक. त्यांनी अमेरिकेत राहून १९४७ साली बटणांचा चिनी टाइपरायटर बनवला. नाव 'मिंगक्वाय', म्हणजे स्पष्ट आणि जलद. यातला 'मिंग' तोच, सूर्य-चंद्राचा. बटणे ७२. अक्षराच्या वरच्या भागाचे एक बटण, खालच्या भागाचे दुसरे. दोन्ही दाबली की एका छोट्या खिडकीत त्या घडणीची आठपर्यंत अक्षरे दिसत, हवे त्याचा आकडा दाबायचा. युतांगांनी पुस्तकांवर मिळवलेला पैसा यात घातला, वर कर्ज झाले. रेमिंग्टन कंपनीच्या साहेबांपुढे दाखवायला नेले तर यंत्र अडून बसले. मुलगी बटणे दाबते आहे आणि काहीच उमटत नाही. पुढे ते दुरुस्त झाले, पण कारखान्यात कधीच बनले नाही. ते एकमेव यंत्र हरवले असेच सगळे धरून चालले होते. २०२५ साली ते न्यूयॉर्क राज्यातल्या एका घराच्या तळघरात सापडले आणि स्टॅनफर्ड विद्यापीठाने घेतले. यंत्र विकले गेले नाही, पण दाबायचे, यादी बघायची, निवडायचे ही रीत तिथे दिसली. आज चिनी माणूस मोबाइलवर हेच करतो.

त्या काळात चीनमधले अनेक सुशिक्षित लोक म्हणत होते की आपली लिपीच मागासलेली आहे, ती टाकून रोमन अक्षरे घ्या. यंत्रात बसत नाही म्हणजे लिपीत खोट. आम्हाला यात ओळखीचा सूर ऐकू येतो. दार एका मापाने बांधायचे आणि आत न मावणाऱ्याला म्हणायचे, तूच वाकडा.

संगणक आला तेव्हा अडचण दुहेरी झाली. बटणे इंग्रजीची, आणि डोके लहान. १९८० साली चीनने संगणकासाठी अक्षरांचा पहिला राष्ट्रीय तक्ता ठरवला, त्यात ६,७६३ चिनी अक्षरे. एक अक्षर पडद्यावर काढायला उभे सोळा आणि आडवे सोळा ठिपके धरले तरी ३२ बाइट लागतात. गुणाकार केला तर दोन लाख सोळा हजार बाइट नुसती अक्षरे ठेवायला. त्या काळच्या घरगुती संगणकांची एकूण स्मृती पुष्कळदा ६४ हजारांच्या आसपास असे. म्हणजे अक्षरेच मावत नाहीत, तिथे काम कसले करणार?

(एक आठवण मध्येच सांगतो. आमच्या खात्यात जकार्डचे साचे होते. पुठ्ठ्याच्या पट्टीला भोके, भोक असेल तिथला धागा उचलला जाई आणि कापडावर फूल उमटे. जकार्डने हे १८०४ च्या सुमारास फ्रान्समध्ये केले आणि त्या भोकांच्या पुठ्ठ्यावरूनच पुढे हिशेबाच्या यंत्रांनी धडा घेतला. भोक आहे किंवा नाही, ठिपका आहे किंवा नाही. त्यामुळे सोळा बाय सोळाच्या चौकटीतले अक्षर आम्हाला चटकन समजले. पोरांना समजवायला वेळ लागला!)

बटणांचा प्रश्न सोडवणारे तऱ्हेतऱ्हेचे लोक होते. त्यातला एक ज्र् पिंग्यी. शांघायचा इंजिनीअर, जर्मनीत शिकलेला. १९६८ साली सांस्कृतिक क्रांतीच्या धामधुमीत त्याला गद्दार ठरवून कोंडून ठेवले. खोलीच्या भिंतीवर कबुली द्या म्हणून दरडावणारी आठ अक्षरांची घोषणा. वाचायला दुसरे काही नाही, कागद नाही. तो त्या आठ अक्षरांकडेच बघत बसे आणि त्यांचे तुकडे पाडी. प्रत्येक तुकड्याला एक रोमन अक्षर दिले तर? चहाच्या कपाच्या झाकणावर लिहायचे, झाकण भरले की पुसायचे, पुन्हा लिहायचे. सुटल्यावरही तो हेच करत राहिला आणि १९७८ मध्ये त्याची पद्धत जाहीर झाली : चार रोमन अक्षरांत एक चिनी अक्षर. कोंडणाऱ्यांनी जी अक्षरे भीती घालायला लावली, त्यांतूनच त्याने किल्ली काढली.

तैवानमध्ये चू पांगफू यांनी १९७६ मध्ये वेगळी पद्धत बांधली. तिला त्सांगच्ये हे नाव मिळाले. चिनी अक्षरे ज्याने शोधली असे दंतकथा सांगते त्या पुरुषाचे. यात कीबोर्डच्या बटणांवर अक्षरांचे भागच वाटून दिले. इंग्रजी 'ए' वर सूर्य, 'बी' वर चंद्र, 'डी' वर झाड. मग 'ए' आणि 'बी' दाबले की उजेड, 'डी' दोनदा दाबले की वन. त्या मुलीला हे सांगितले तेव्हा ती हसायलाच लागली. "म्हणजे कीबोर्ड आपल्याएवढाच!" होय, आपल्याएवढाच. १९८२ साली चू यांनी या पद्धतीवरचा आपला पेटंट हक्क सोडून दिला. कोणीही वापरा, पैसे नकोत. वांग च्येच्या सूत्रावरचा शिक्का आम्हाला इथे आठवला. मुख्य चीनमध्ये १९८३ साली वांग योंगमिन यांनी रेघांच्या पाच प्रकारांवर आधारलेली 'वूबी' पद्धत काढली. कचेरीतले टायपिस्ट तीच शिकत.

पण सामान्य माणसाने हे सगळे पाठ कशाला करायचे? १९५८ साली चीनने उच्चार रोमन अक्षरांत लिहिण्याची 'पिनयिन' पद्धत स्वीकारली होती. ती बसवणाऱ्यांत प्रमुख चौ योउक्वांग, जे १११ वर्षे जगून २०१७ मध्ये वारले. शाळेत प्रत्येक मूल पिनयिन शिकते, म्हणून तोच कीबोर्ड झाला. उच्चार लिहा, यादी येईल, निवडा. अडचण एवढीच की एका उच्चाराची अक्षरे खंडीभर. 'शर्' म्हटले की डझनावारी. 'ता' म्हणजे तो, ती आणि ते, तिघांचा उच्चार एक, अक्षरे वेगळी. इथे चांग चीयिंगची युक्ती कामाला आली. १९८५ साली नी क्वांगनान यांनी संगणकात बसवायचे एक चिनी अक्षरांचे कार्ड बनवले. एक अक्षर लिहिले की सोबतीने येणारी अक्षरे ते सुचवी. या सोबतीच्या आठवणीला चिनीत 'ल्यानश्यांग' म्हणतात, आणि कंपनीने पुढे तेच नाव घेतले. तीच ही लेनोव्हो कंपनी, जिचे लॅपटॉप आपल्या पोरांच्या दप्तरात आहेत.

छपाईचे काम वांग श्युआन यांनी तडीस नेले. पेकिंग विद्यापीठातला आजारपणाने अर्धा पगारावर घरी बसलेला हा माणूस. पत्नी छन खुनछ्यू याही त्याच कामात. ठिपके साठवण्याऐवजी अक्षराच्या कडांचे गणित साठवायचे आणि छापताना लेसरने अक्षर पुन्हा काढायचे ही त्यांची कल्पना. १९७५ ला हात घातला, १९७९ ला पहिले वर्तमानपत्री पान निघाले, १९८७ ला एक अख्खे दैनिक असे छापू लागले. काही वर्षांत चिनी छापखान्यांतली शिशाची भट्टी विझली. हजारो जुळाऱ्यांचे काय झाले हे मात्र आमच्या वाचनात फारसे आले नाही. गिरणगावातल्या माणसाला तो प्रश्न पडतोच.

आता यादीबाहेरच्यांचे. १९९८ ते २००३ या काळात चीनचे पंतप्रधान होते चू रोंगची. त्यांच्या नावातले 'रोंग' अक्षर १९८० च्या तक्त्यात नव्हते! पंतप्रधान म्हटल्यावर वर्तमानपत्रवाले काहीतरी जुगाड करून छापत. विरळ अक्षराच्या नावाचा साधा शेतकरी मात्र ओळखपत्राच्या खिडकीवर अडकायचा. त्याला सांगत, नाव बदल.

आमच्या नात्यातल्या एका म्हाताऱ्या विधवा बाईंच्या आडनावात 'ऱ्हा' आहे. एका कचेरीतल्या संगणकाला हे अक्षर येईना. एका कागदावर रफार चढला, दुसऱ्यावर 'ह' गळाला. दोन कागद जुळत नाहीत म्हणून पेन्शन पाच महिने अडली. आम्ही चार खेपा घातल्या. आपल्या विहाराच्या मागच्या स्मरणिकेचे झाले तेही आठवते ना? एका दुकानात टाइप केलेला मजकूर दुसऱ्या दुकानात उघडला तर अध्यक्षांच्या मनोगताच्या जागी नुसती चिन्हे! फॉन्ट वेगळा. दोन दुकानांत एकाच आकड्याला दोन वेगळी अक्षरे. १९९१ पासून युनिकोड नावाचा सगळ्या जगाचा एकच तक्ता होऊ लागला, त्यात आपली देवनागरी आहे. १९९२ मध्ये चीन-जपान-कोरियाची २०,९०२ अक्षरे त्यात बसली, आज ती ९० हजारांच्या वर आहेत.

यादीबाहेरची अक्षरे सर्वात जास्त कुठे असतील? जुन्या ग्रंथांत. जपानमध्ये १९२४ ते १९३४ या काळात ताकाकुसू आणि वातानाबे यांच्या संपादनाखाली 'ताइशो' त्रिपिटक शंभर खंडांत निघाले. चिनी बौद्ध ग्रंथांची आज सर्वमान्य आवृत्ती ती. १९९८ च्या फेब्रुवारीत तैपेईत चिनी बौद्ध ग्रंथ संगणकात आणणारी संस्था स्थापन झाली. लोक तिला सीबेटा म्हणतात. भिक्षू हुइमिन यांच्या पुढाकाराने तिने या त्रिपिटकाचे खंड उतरवायला घेतले. तैवानच्या संगणकांतल्या तेव्हाच्या तक्त्यात तेरा हजारांवर अक्षरे होती, तरी सूत्रांतली हजारो अक्षरे बाहेर राहत होती. ती वगळून पुढे जाता आले असते. त्यांनी तसे केले नाही. अक्षर नसेल तिथे त्याची घडण कंसात लिहायची : दोन भाग शेजारी असतील तर मध्ये फुली, वरखाली असतील तर तिरकी रेघ, एकात एक असतील तर गोलातल्या 'ए' ची खूण. कारण, हेतू या अर्थाचे 'यिन' अक्षर घ्या : चौकटीच्या आत 'मोठा'. अशा खुणेने कोणतेही अक्षर सांगता येते. यंत्राकडे नसलेले अक्षर त्यांनी शब्दांत सांगून ठेवले, म्हणजे पुढे तक्ता वाढला की जागेवर बसवता यावे. तसे पुष्कळ बसलेही.

त्यातच आपल्याकडची एक लिपी निघाली. धारणी, म्हणजे संस्कृत मंत्र, चीन-जपानमध्ये सिद्धम् लिपीत लिहीत. ती ब्राह्मीची लेक, आपल्या नागरीची नातलग. भारतात ती केव्हाच विसरली गेली, तिकडच्या भिक्षूंनी सांभाळली. युनिकोडमध्ये तिला २०१४ साली जागा मिळाली. सीबेटाचा सगळा मजकूर सुरुवातीला तबकडीवर आणि पुढे इंटरनेटवर विनामूल्य दिला गेला. तोक्यो विद्यापीठातल्या गटानेही ताइशोचे ८५ खंड २००७ पर्यंत संगणकात पुरे केले.

या वर्षी माघ पौर्णिमेला वंदना झाल्यावर आम्ही आणि ती मुलगी विहारातल्या संगणकापुढे बसलो. श्युआनत्सांग, ज्यांना आपण ह्युएनत्संग म्हणतो, सातव्या शतकात महाराष्ट्रात येऊन गेले. त्यांचे प्रवासवर्णन ताइशोच्या ५१ व्या खंडात आहे. त्यात आपल्या प्रांताचे नाव 'मो-हे-ला-छा' असे चार अक्षरांत लिहिले आहे. पोरीने आधी 'फो' लिहून पाहिले. यादीत पहिलेच अक्षर बुद्धाचे आले. मग 'मोहे' लिहिले, 'महा' चटकन मिळाले. 'ला' ला 'ओढणे' या अर्थाचे अक्षर पुढे आले, ते घेतले तर काहीच सापडेना. खाली खाली जाऊन दुसरे घेतले, तेही चुकीचे. छापील नमुना भिंग लावून पाहिला तेव्हा एका बारीक रेघेचा फरक कळला. 'छा' ला यादीची तीन पाने उलटावी लागली. मग अकरावा भाग उघडला : पुलकेशी राजाचे नाव, उपकार न विसरणारे आणि अपमानही न विसरणारे इथले लोक, शंभरावर विहार, पाच हजारांवर भिक्षू, आणि पूर्वेच्या डोंगरात कोरलेला तो संघाराम, ज्याच्या दाराशी दगडी हत्ती आहेत. अभ्यासक त्याला अजिंठा मानतात.

तिने ती चार अक्षरे पेन्सिलीने कागदावर उतरवून काढली. पहिल्यांदा 'ला' ची रेघ चुकली, खोडून पुन्हा काढली. तो कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला आहे, बघायचा असेल त्याने किल्ली आमच्याकडून घ्यावी.